आधी पिरियसला उतरा

तुमचे 'रिपब्लिक'वरचे निबंध मी शेवटच्या ओळीपर्यंत तपासले. आता जे बोलणार आहे ते खाली मान घालून ऐकू नका, माझ्याकडे बघून ऐका.

एकाही निबंधात पिरियसचं नाव नाही. प्रत्येकाची सुरुवात 'न्याय म्हणजे काय' या प्रश्नापासून. केफालस म्हणजे पहिली व्याख्या, पोलेमार्कस म्हणजे दुसरी, थ्रॅसिमॅकस म्हणजे तिसरी. ही माणसं कुठे बसली होती, कुणाच्या घरात, तिथे कशी पोचली, बाहेर काय चाललं होतं, याचा कुठेही पत्ता नाही. एकाच्या पुस्तकाची प्रत माझ्या हातात आली. पहिल्या दोन पानांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारलेली आणि कडेला लिहिलेलं, 'परीक्षेला नाही'. त्या मुलाचं नाव मी घेणार नाही, कारण रेघ तुम्ही सगळ्यांनीच मारली आहे. त्याने निदान ती कागदावर मारली.

तुम्ही तत्त्वज्ञान शिकायला आलात ना? मग ज्या पानांवर लेखकाने सर्वात जास्त कष्ट घेतले तीच पानं वगळायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? डायोजेनीस लेअर्शिअस हा प्राचीन चरित्रकार एक हकीकत नोंदवून ठेवतो : 'रिपब्लिक'ची सुरुवात प्लेटोने पुन्हा पुन्हा फिरवून लिहिलेली आढळली. हकीकत जशीच्या तशी घडली की नंतर रचली गेली, हा वाद बाजूला ठेवा. पण त्या काळच्या वाचकांना ती सांगावीशी वाटली, कारण त्या सुरुवातीतलं एकेक वाक्य तोलून बसवलेलं आहे हे त्यांना वाचताना जाणवत होतं. तुम्हाला ते जाणवलं नाही, कारण तुम्ही पुस्तक उघडलंच नाही. झेरॉक्स नोट्स उघडल्यात.

आता ती दोन पानं मी तुम्हाला वाचायला लावते.

आदल्या दिवशी सॉक्रेटिस ग्लॉकॉनबरोबर पिरियसला उतरला होता. पिरियस हे अथेन्सचं बंदर, शहरापासून सात-आठ किलोमीटरवर. तिथे आरमार, तिथे वल्ही मारणारे गरीब नागरिक, तिथे परदेशी व्यापारी, तिथे बाहेरून आलेले देव. लोकशाहीचा जीव त्या बंदरात होता, आणि लोकशाहीच्या शत्रूंचा राग त्याच बंदरावर होता. त्या दिवशी बेंडिस या थ्रेसच्या देवीचा उत्सव अथेन्सने पहिल्यांदाच साजरा केला होता. स्थानिकांची मिरवणूक झाली, थ्रेसच्या लोकांचीही झाली. सॉक्रेटिसने प्रार्थना केली, सोहळा पाहिला आणि तो घरी निघाला.

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचा अंगरखा धरला. पोलेमार्कसचा गुलाम होता. मालक म्हणतात, थांबा. मालक आले, सोबत आणखी काही माणसं. पोलेमार्कस हसत म्हणतो की आम्ही किती जण आहोत ते बघ. आमच्यापेक्षा बळकट ठरा, नाहीतर इथेच राहा. सॉक्रेटिस तिसरा मार्ग सुचवतो : आम्हाला जाऊ द्यावं हे तुम्हाला पटवून दिलं तर? त्यावर पोलेमार्कस विचारतो, जे ऐकणारच नाहीत त्यांना पटवाल कसं?

थांबा इथे. हा प्रश्न ज्याने वगळला त्याने 'रिपब्लिक' वाचलं नाही. संख्येचं बळ एका बाजूला, पटवून देणं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ऐकून घ्यायला नकार देणारी माणसं. 'रिपब्लिक'ची दहाही पुस्तकं याच प्रश्नाशी झगडतात. बलवानाचं हित म्हणजेच न्याय, असं थ्रॅसिमॅकस ओरडून सांगतो तेव्हा तुम्ही त्याला अचानक उपटलेला खलनायक समजता. त्याचं म्हणणं रस्त्यावर आधीच थट्टेत बोलून झालेलं आहे, आणि तेही सज्जन, दिलदार पोलेमार्कसच्या तोंडून. थट्टेत बोललेलं आणि रागाने बोललेलं एकच आहे, हे प्लेटो दाखवतो आणि तुम्ही बघत नाही.

आता घरात या. म्हातारा केफालस उशी ठेवलेल्या आसनावर बसला आहे, डोक्याला माळ आहे, कारण तो नुकताच अंगणात यज्ञ करून आला आहे. पैसा, म्हातारपण, मरणाची भीती यांवर तो बोलतो. घेतलेलं देणं परत करावं, खोटं बोलू नये, ही त्याची न्यायाची कल्पना. चर्चा अवघड होऊ लागताच तो हसत उठतो, वाद मुलाच्या हवाली करतो आणि पुन्हा यज्ञाकडे निघून जातो. तुमच्या निबंधांत तो 'पारंपरिक दृष्टिकोन' एवढ्या दोन शब्दांत संपला.

हे कुटुंब कोण होतं? केफालस मूळचा सिराक्यूजचा. पेरिक्लीसच्या सांगण्यावरून तो अथेन्सला आला आणि तीस वर्षं राहिला. नागरिकत्व नाही, कर भरणारा, कायदा पाळणारा परदेशी रहिवासी. घरचा ढाली बनवण्याचा कारखाना. त्याचा दुसरा मुलगा लिसिअस, पुढे नावाजलेला वक्ता. 'रिपब्लिक'मध्ये तो त्या खोलीत बसलेला आहे आणि एक शब्दही बोलत नाही.

इ.स.पू. 404 मध्ये अथेन्स स्पार्टाविरुद्धचं युद्ध हरलं आणि तीस जणांची जुलमी सत्ता आली. त्यांना पैसा हवा होता. परदेशी रहिवाशांपैकी दहा जणांना पकडायचं ठरलं, आणि त्यांत दोन गरीब घ्यायचे, म्हणजे हे पैशासाठी चाललेलं नाही असा देखावा होईल. पोलेमार्कसला रस्त्यात पकडलं. ना आरोप, ना खटला, ना बोलण्याची संधी. हेमलॉकचं विष पिण्याचा हुकूम झाला. लिसिअस मागच्या दाराने निसटला आणि मेगाराला पळाला. सातशे ढाली, एकशे वीस गुलाम, सोनं, चांदी, कपडे, सगळं लुटलं गेलं. पोलेमार्कसच्या बायकोच्या कानांतली सोन्याची कर्णफुलंसुद्धा ओढून काढली. कुटुंबाची तीन घरं होती, पण एकाही घरातून प्रेत उचलू दिलं नाही. एक खोपटं भाड्याने घेऊन तिथे त्याला ठेवावं लागलं. कुणी पांघरूण दिलं, कुणी उशी दिली. हे सगळं लिसिअसने पुढे कोर्टात आपल्या तोंडाने सांगितलं आणि ते भाषण आज आपल्याला वाचायला मिळतं.

आता पुन्हा त्या खोलीत जा. मित्राचं भलं करावं आणि शत्रूचं वाईट करावं, म्हणजे न्याय, असं पोलेमार्कस सांगतो. न्यायी माणूस कुणाचंही वाईट करूच शकत नाही, इथपर्यंत सॉक्रेटिस त्याला नेतो आणि पोलेमार्कस ते मान्य करतो. प्लेटोच्या पहिल्या वाचकाला ठाऊक होतं की या माणसाला शत्रू ठरवून, न्यायाचं नाव घेऊन मारलं. तो वाचक हा युक्तिवाद व्याख्या नंबर दोन म्हणून वाचत नव्हता. रस्त्यात सॉक्रेटिसला अडवणाऱ्या टोळक्यात निसिअसचा मुलगा निसेरेटस होता. त्यालाही तीस जणांनीच मारलं. ही नावं प्लेटोने उगाच लिहिली, असं ज्याला म्हणायचं असेल त्याने उभं राहून म्हणावं.

अजून एक गोष्ट. इ.स.पू. 403 मध्ये लोकशाहीवाद्यांनी पिरियस ताब्यात घेतलं. तीस जणांचं सैन्य त्यांच्यावर चालून गेलं. झेनोफॉन या लढाईचा रस्तासुद्धा नोंदवतो : म्युनिकिआच्या आर्टेमिसच्या आणि बेंडिसच्या देवळाकडे जाणारा रस्ता. तीच बेंडिस. त्या लढाईत जुलमी सत्तेचा म्होरक्या क्रिटिअस पडला आणि पिरियसवर नेमलेल्या दहा अधिकाऱ्यांपैकी कार्मिडीसही पडला. क्रिटिअस प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. कार्मिडीस तिचा सख्खा भाऊ, म्हणजे प्लेटोचा मामा. आणि ज्या ग्लॉकॉनचा हात धरून सॉक्रेटिस उत्सवाला गेला, तो प्लेटोचा सख्खा भाऊ, म्हणजे त्याच मामाचा भाचा.

संवाद नेमका कोणत्या वर्षी घडतो असं मानायचं, यावर अभ्यासक भांडतात. भांडू द्या. प्लेटोने हे लिहिलं तेव्हा यांतली बरीच माणसं मरून कित्येक वर्षं लोटली होती, आणि अथेन्समध्ये वाचता येणाऱ्या प्रत्येकाला त्या देवळाचा रस्ता माहीत होता. आदर्श नगर कसं असावं याची चर्चा त्याने अशा घरात बसवली जे आदर्शाच्या गप्पा मारणाऱ्या सत्तेने लुटलं, अशा गावात बसवली जिथे त्याच्या स्वतःच्या नातेवाइकांनी लोकशाहीवर हत्यार उचललं. प्लेटो लोकशाहीचा शत्रू होता असं तुम्ही तीन ओळींत लिहून मोकळे झालात. कदाचित तो शत्रू होताही. पण शत्रूने आपलं पुस्तक शत्रूच्याच बंदरात, परदेशी रहिवाशाच्या घरात का मांडलं, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही, म्हणून तुमच्या त्या तीन ओळींना मी गुण दिले नाहीत.

सातव्या पुस्तकातल्या गुहेकडे फक्त बोट दाखवते. उजेड पाहून आलेल्या माणसाला पुन्हा अंधारात, बाकीच्यांमध्ये खाली उतरावं लागतं. सॉक्रेटिस पहिल्या वाक्यात खाली उतरतो. हे दोन उतार तुम्ही स्वतः एकमेकांशेजारी ठेवून बघायचे आहेत. ते मी सांगून तुम्ही वहीत उतरवून घ्यायची गोष्ट नाही.

मागच्या तासाला तुमच्यातल्या एकीने विचारलं होतं, "मॅडम, युक्तिवाद बरोबर की चूक हे जागेवर कसं अवलंबून असेल?" प्रश्न चांगला आहे आणि विचारलास हेही चांगलं केलंस. पण उत्तरासाठी पुस्तकाकडे न जाता तू प्रश्नावरच थांबलीस, याचा मला राग आहे. बरोबर आहे, भूमितीचा सिद्धांत पिरियसमध्ये सिद्ध होतो आणि स्पार्टामध्येही होतो. प्लेटोला हे तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरीही त्याने ग्रंथ लिहिले नाहीत, संवाद लिहिले. त्याच्या संवादांत युक्तिवाद कुणीतरी करतं, कुणापुढे तरी करतं, आणि ऐकणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे त्याला वळण लागतं. 'रिपब्लिक'मध्ये अमुक लिहिलं आहे असं म्हणणं आणि प्लेटो अमुक म्हणतो असं म्हणणं यांत अंतर आहे. प्लेटो आपल्या संवादांत स्वतः एकदाही बोलत नाही. जागा वगळली, माणसं वगळली, की हे अंतर दिसेनासं होतं आणि तुम्ही बेधडक 'प्लेटोच्या मते' लिहू लागता. तुमच्या एका निबंधात थ्रॅसिमॅकसचं वाक्य 'प्लेटोच्या मते' म्हणून आलं आहे. ही शुद्धलेखनाची चूक नाही. पुस्तक ज्याच्याविरुद्ध उभं आहे तेच तुम्ही त्याच्या तोंडी घातलंत.

'कार्मिडीस' वाचा, लहानसा संवाद आहे. सॉक्रेटिस पोटिडियाच्या मोहिमेवरून आदल्या संध्याकाळी परतला आहे आणि टॉरिअसच्या कुस्तीच्या आखाड्यात येतो. रणांगणातून आलेला माणूस आल्या आल्या विचारतो, इथे तत्त्वचिंतन कसं चाललंय? देखणा कार्मिडीस येतो तेव्हा त्याच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून बाकावर अशी रेटारेटी होते की एका टोकाचा उठतो आणि दुसऱ्या टोकाचा खाली पडतो. चर्चेचा विषय संयम. आणि संयमाची व्याख्या करायला बसले आहेत कार्मिडीस आणि क्रिटिअस, ज्यांचं पुढे काय झालं ते मी आत्ताच सांगितलं. आपापलं काम करणं म्हणजे संयम, ही व्याख्या तिथे पुढे येते आणि तिच्यामागे क्रिटिअस आहे, हे सॉक्रेटिस ओळखतो. 'रिपब्लिक'च्या चौथ्या पुस्तकात जवळजवळ याच शब्दांत न्यायाची व्याख्या होते. संवादाच्या शेवटी कार्मिडीस आणि क्रिटिअस मिळून सॉक्रेटिसला म्हणतात की आता आम्ही ऐकणार नाही, जबरदस्ती करू. हसत म्हणतात. पुढे हेच क्रिटिअस आणि त्याचे साथीदार सत्तेवर आले तेव्हा सॅलमिसच्या लिऑन नावाच्या निरपराध माणसाला पकडून आणायचा हुकूम त्यांनी सॉक्रेटिसला दिला. तो हुकूम न पाळता घरी निघून गेला. आखाड्यातली ती थट्टा वाचताना ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्याने व्याख्यांचा तक्ता करावा, मला हरकत नाही. पण तो तक्ता माझ्याकडे आणू नये.

ज्यांनी 'फीड्रस' निवडला त्यांना वाटत असेल की आपण सुटलो. तुम्ही जागेबद्दल लिहिलंत खरं. 'सुंदर निसर्गवर्णन' लिहिलंत. ही चूक मला वगळण्यापेक्षा वाईट वाटते, कारण डोळ्यांसमोर असलेलं तुम्ही सजावट म्हणून बाजूला ठेवलंत.

काय आहे तिथे? फीड्रस शहराच्या तटाबाहेर फिरायला निघाला आहे, डॉक्टर अकुमेनसचा सल्ला आहे तसा. अंगरख्याखाली डाव्या हातात लिसिअसच्या भाषणाची गुंडाळी लपवली आहे. तोच लिसिअस, पिरियसच्या घरात मुका बसलेला. दोघं इलिसस नदीच्या पाण्यातून अनवाणी चालतात. चिनाराचं मोठं झाड, बहरलेली निर्गुंडीसारखी झुडपं, गार झरा, जलदेवतांच्या लहान मूर्ती, डोक्यावर दुपार आणि सिकाडांचा कर्कश्श किर्र आवाज. फीड्रस म्हणतो, तू इथे परक्यासारखा वागतोस, कधी तटाबाहेर पडत नाहीस. सॉक्रेटिस उत्तर देतो की मला शिकायचं असतं, आणि शेतं नि झाडं मला काही शिकवत नाहीत, शहरातली माणसं शिकवतात. भुकेल्या जनावरापुढे फांदी धरावी तशी त्या भाषणाची गुंडाळी दाखवून फीड्रसने त्याला बाहेर आणलेलं आहे.

आता पुस्तकाच्या शेवटाकडे या. लेखनामुळे स्मरणशक्ती दुबळी होईल हे सांगण्यासाठी सॉक्रेटिस इजिप्तच्या देवाची गोष्ट सांगतो. फीड्रस टोमणा मारतो की तुला वाटेल त्या देशाच्या गोष्टी रचता येतात. तेव्हा सॉक्रेटिस काय म्हणतो? डोडोनाच्या देवळात पहिली भविष्यवाणी एका ओकवृक्षाने केली होती. त्या काळचे साधे लोक खरं असेल तर झाडाचं आणि खडकाचंही ऐकत. तुला मात्र सांगणारा कोण आणि कुठला याचीच चिंता.

सुरुवातीला झाडं काही शिकवत नाहीत म्हणणारा माणूस शेवटी झाडाचं ऐकणाऱ्यांचं कौतुक करतो. एकाच दुपारी, एकाच झाडाखाली. मधल्या वेळात काय बदललं? आधी त्याने डोकं झाकून, प्रेमाला हिशेबात बसवणारं एक भाषण केलं. मग नदी ओलांडून निघणार तोच आतल्या आवाजाने त्याला थांबवलं, आणि त्याने डोकं उघडं करून प्रेमाच्या वेडाची थोरवी सांगितली. सिकाडा हे पूर्वी माणसं होती, गाण्याच्या नादात खाणंपिणं विसरून मेली, आणि आता खाली कोण झोपतो नि कोण बोलत राहतो ते बघून कलादेवतांना कळवतात, ही गोष्टही त्याच झाडाखाली सांगितली जाते. दुपारच्या उन्हात मेंढरांसारखं पेंगायचं की बोलत राहायचं, ही निवड त्या जागेनेच त्यांच्यापुढे ठेवली. जागा बोलण्यात शिरते आणि बोलणं बदलतं. याला तुम्ही निसर्गवर्णन म्हणता?

सिसेरोला हे कळलं होतं. इ.स.पू. 55 मध्ये वक्तृत्वावर ग्रंथ लिहिताना त्याने आपल्या रोमन पात्रांना मुद्दाम चिनाराच्या झाडाजवळ आणलं आणि एकाच्या तोंडून 'फीड्रस'मधल्या झाडाची आठवण काढवली. केफालसला पहिल्याच पुस्तकात का पाठवून दिलं, यावरही त्याने आपल्या मित्राला पत्रात लिहिलं. राज्यकारभारात बुडालेला माणूस या बारकाव्यांसाठी वेळ काढतो, आणि तुमच्याकडे पूर्ण सत्र असून वेळ नाही.

हा वाद नवा आहे असंही समजू नका. 'टिमेअस'वर भाष्य करताना सेव्हेरस नावाच्या अभ्यासकाने सुरुवातीचा भाग भाष्यायोग्य मानला नाही. इ.स.च्या पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने त्याच प्रास्ताविकावर पानंच्या पानं लिहिली. प्रोक्लसचं सगळं मला पटतं असं नाही. प्रत्येक उंबरठ्यात आणि प्रत्येक पादत्राणात विश्वाचं रहस्य शोधायला लागलात तर तेही मी खोडून टाकीन. 'मेनो'ला जागा नाही. मेनो आल्या आल्या प्रश्न विचारतो, सद्गुण शिकवता येतो का. 'फिलेबस' तर बोलणं मध्येच चालू असताना सुरू होतो. तिथे झाड आणि नदी कल्पून लिहू नका. जिथे प्लेटोने जागा दिली नाही तिथे दिली नाही एवढंच नोंदवा आणि मेनोच्या उतावळेपणाचा विचार करा. जिथे दिली आहे तिथे मात्र गप्प पुढे सरकायचं नाही.

'सिम्पोझिअम'बद्दल फार बोलत नाही, कारण त्यातली मेजवानी तुम्हाला निदान आठवते. फक्त एवढं बघा की ती इ.स.पू. 416 मधली, अगॅथॉनच्या नाट्यविजयानंतरची आहे आणि दारू पिऊन आत घुसणारा अल्सिबायडीस पुढच्याच वर्षी सिसिलीच्या विनाशकारी मोहिमेवर निघतो.

पण 'फीडो'बद्दल बोलणारच. तुमच्या प्रत्येकाच्या वहीत 'आत्म्याच्या अमरत्वाचे पुरावे' असं शीर्षक आहे आणि खाली एक, दोन, तीन, चार. पुरावे बरोबर लिहिलेत. ज्या खोलीत ते दिले गेले ती खोली पुसून टाकलीत.

सॉक्रेटिसच्या पायांतल्या बेड्या नुकत्याच काढल्या आहेत. तो पाय चोळतो आणि म्हणतो की सुख आणि दुःख कसे एकामागोमाग येतात पाहा. विरुद्ध गोष्टी एकमेकींतून जन्मतात हा तुमचा पहिला पुरावा. तो पायावरच्या त्या बेडीच्या वळापासून सुरू झाला. शिक्षा लांबली, कारण डेलॉसला गेलेलं पवित्र जहाज परत आलेलं नव्हतं आणि ते परत येईपर्यंत अथेन्समध्ये कुणाला देहदंड देता येत नसे. थिसिअसने सात आणि सात मिळून चौदा तरुणांना क्रीटच्या राक्षसापासून वाचवलं, त्याची ती यात्रा. तुरुंगात हजर असलेल्यांची नावं मोजा, नऊ अथेन्सची, पाच बाहेरची. तिथेच लिहिलं आहे की प्लेटो, मला वाटतं, आजारी होता. स्वतःच्या गुरूच्या शेवटच्या दिवशी आपण तिथे नव्हतो, हे लेखक दुसऱ्याच्या तोंडून, तेही 'मला वाटतं' म्हणत सांगतो. यावर तुमच्यातल्या एकालाही एक वाक्य लिहावंसं वाटलं नाही?

आणि मग तो क्षण. सिमिअस आणि केबीस अशा शंका काढतात की सगळा युक्तिवाद कोसळल्यासारखा होतो. सगळे हताश. तेव्हा प्लेटो आपल्याला अचानक तुरुंगातून बाहेर काढतो, दूर फ्लियस गावात नेतो, जिथे फीडो ही हकीकत एकेक्रेटीसला सांगतो आहे. एकेक्रेटीसही हबकलेला आहे; तो विचारतो, मग सॉक्रेटिसने काय केलं? फीडो सांगतो की मी पलंगाच्या उजवीकडे ठेंगण्या बैठकीवर बसलो होतो, त्याने माझे केस कुरवाळले आणि म्हणाला, उद्या तू हे केस कापशील बहुधा. शोकाची रीत ती. मग म्हणाला की युक्तिवाद मेला आणि आपण त्याला जिवंत करू शकलो नाही तर तू आणि मी दोघांनी आजच केस कापायला हवेत. आणि मग सांगितलं की माणसांनी फसवलं म्हणून माणसांचा तिटकारा करू नये, तसा युक्तिवाद फसला म्हणून विचाराचा तिटकारा करू नये. याहून मोठं संकट माणसावर येत नाही.

मरणाला काही तास उरले आहेत आणि त्याला स्वतःची काळजी नाही. समोरच्या मुलांचा विचारावरचा विश्वास जाईल याची काळजी आहे. हे चार पुराव्यांपैकी कितवं? कुठल्याच आकड्याखाली बसत नाही, म्हणून तुम्ही सोडून दिलंत. त्या चार पुराव्यांवर दोन हजार वर्षं हरकती घेतल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच योग्य आहेत. त्या ठेंगण्या बैठकीवर बसलेल्या मुलाच्या केसांवरून फिरणाऱ्या हातावर कुणाला हरकत घेता आलेली नाही.

तुमच्यावर मी चिडले आहे, कारण तुम्ही आळशी असलात तरी मंद नाही. पाट्या टाकून पास होण्याइतकी हुशारी तुमच्यात आहे आणि तीच तुमचा घात करते आहे. नोट्समधून जे मिळतं ते मतं असतात. मतं कुठेही मिळतात. प्लेटोकडे जायचं ते माणसं विचार कशी करतात, कुणापुढे करतात, केव्हा घाबरतात, केव्हा हसण्यावारी नेतात, हे बघायला.

पुढच्या वेळेसाठी 'युथिफ्रो' आणि 'लॉज'चं पहिलं पुस्तक. 'युथिफ्रो' आर्कन बॅसिलियस या अधिकाऱ्याच्या स्तंभमंडपापाशी घडतो. 1970 मध्ये अथेन्सच्या उत्खननात तो मंडप सापडला, पायऱ्यांसकट. सॉक्रेटिस तिथे का आला आहे आणि युथिफ्रो का आला आहे, हे दोन्ही खटले नीट समजून घेतल्याशिवाय 'पवित्र म्हणजे काय' हा प्रश्न लिहायला घेऊ नका. मग 'थीएटेटस'चं शेवटचं पान काढा : ज्ञान म्हणजे काय यावर दिवसभर बोलून सॉक्रेटिस त्याच मंडपाकडे, मेलेटसच्या आरोपाला सामोरा जायला निघतो. त्याच संवादाच्या मध्यावर त्याने कोर्टातल्या जलघड्याळाच्या धाकाखाली बोलणाऱ्या माणसांची आणि निवांत विचार करणाऱ्यांची तुलना केली आहे. ते पान आणि शेवटचं पान एकत्र वाचा.

'लॉज'मध्ये सॉक्रेटिस नाही. तीन म्हातारे आहेत, एक अथेन्सचा, एक क्रीटचा, एक स्पार्टाचा. उन्हाळ्याच्या लांबलचक दिवशी ते नोसॉसहून झ्यूसच्या गुहेकडे चालत निघतात, वाटेत सायप्रसच्या झाडांच्या सावलीत विसावा घेणार आहेत. मिनोसला त्याच देवाकडून कायदे मिळाले अशी क्रीटची श्रद्धा. त्या वाटेवर चालता चालता पहिला प्रश्न हाच की तुमचे कायदे देवाने केले की माणसाने. मग हे तिघं दिवसभर स्वतःच एका नव्या वसाहतीसाठी कायदे रचत जातात. ते गुहेपर्यंत पोचतात का, आणि पोचत नसतील तर त्याचा अर्थ काय, हे मला सोमवारी प्रत्येकाने सांगायचं आहे. उत्तर पुस्तकातून आणा, नोट्समधून नाही.